कोणाचा गुडघा?

नाव रेतीवर चढणार हे मला दिसत होतं, आणि ते बोलायची मला बंदी होती.

एप्रिलचा शेवट. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते, पण काशीचं ऊन डोक्यावर येऊन बसलं होतं. रामघाटाहून निघालेली आमची नाव गंगा ओलांडून पलीकडच्या रेतीकडे चालली होती. नावेत शेजारच्या दोन देशांचे पाहुणे, दिल्लीहून आलेले आमचे डायरेक्टर त्रिपाठीसाहेब, एक बंदूकवाला कमांडो, वल्ही मारणारा भोला मल्लाह, सगळ्या सोहळ्याची व्यवस्था पाहणारे बापू लेले आणि मी.

मी नदी मोजणाऱ्या खात्यात इंजिनिअर होते. गाव कराडजवळ, नोकरीची शेवटची वर्षं वाराणसीत. आमचं काम सोपं असतं. घाटावर एक पट्टी रंगवलेली असते, तिला गेज म्हणतात. पाणी पट्टीच्या कुठल्या रेघेला लागलं ते रोज बघायचं. दुसरं काम खोलीचं. त्याला ईको साउंडर लागतो. पाण्यात आवाज सोडायचा, तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागतो त्यावरून खोली काढायची. त्या आठवड्यातच आम्ही रामघाट ते पंचगंगा घाट एवढा टप्पा मोजला होता. नदीच्या मधोमध रेतीचा एक नवा उंचवटा तयार झाला होता. वरून पाणी चांगलं गहिरं दिसायचं, पण आत काही नव्हतं.

हे मी सांगायला हवं होतं. पण घाटावरच त्रिपाठीसाहेबांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "शिंदे मॅडम, विदेशी मेहमान हैं। इनके सामने एक भी फिगर नहीं। पानी का तो बिल्कुल नहीं।"

"सर, घाट किती आहेत असं कोणी विचारलं तर?" साहेबलोकांशी मी हिंदीतच बोलायचे, माझं बोलणं तेवढं इथे मराठीत देतेय.

"वो लेलेजी बताएँगे।"

यात साहेबांचा दोष नव्हता. ज्या नद्या आपण शेजाऱ्यांशी वाटून घेतो, त्यांच्या पाण्याचे आकडे गोपनीय असतात. घाटावरची पट्टी पानवाल्यालाही वाचता येते, अंघोळीला आलेला प्रत्येक जण ती बघतो. तोवर तो आकडा सगळ्या जगाचा. मी तो कागदावर उतरवला की सरकारी गुपित. या गुपिताची राखण करण्यात माझी तीस वर्षं गेली, आणि पानवाल्याने एकदाही मला दाद दिली नाही.

आता पाहुण्यांची ओळख करून देते. देशांची नावं सांगणार नाही, तसं लिहून दिलेलं आहे. एक नदी एका देशात उगम पावते, आपल्यातून जाते आणि तिसऱ्या देशात समुद्राला मिळते. उगमाकडचे ते वरचे, समुद्राकडचे ते खालचे, आणि आम्ही मधले. वरच्यांकडून एक निवृत्त ब्रिगेडिअर आले होते. उंच, ताडमाड, मिशीला पीळ. खालच्यांकडून एक जिल्हा आपत्ती अधिकारी बाई आल्या होत्या. आम्ही त्यांना खालच्या मॅडम म्हणायचो. उंचीने त्या माझ्या खांद्याला लागत, पण बोलायला लागल्या की समोरचा आपोआप बसून घ्यायचा.

विषय होता हवामान बदल आणि सीमेची सुरक्षा. पाऊसपाण्याचा आणि बंदुकीचा काय संबंध, असं आधी मलाही वाटायचं. मग पहिल्याच दिवशी मॅडमनी त्यांच्या एका सीमा चौकीची हकीकत सांगितली. पुरात नदीने पात्र बदललं. सीमा नदीच्या मधोमध मानलेली. पाणी ओसरल्यावर बघतात तर चौकी त्यांच्या देशात आणि चौकीचा संडास आपल्या देशात. त्यांचे जवान रोज सकाळी हातात डबा घेऊन आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडायला लागले. आपल्या चौकीने निषेध नोंदवला. त्यांनी उत्तर दिलं की ही घुसखोरी नसून निकड आहे. सभागृहात सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत.

कारण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. वरच्यांच्या डोंगरात बर्फ पूर्वीपेक्षा फार वितळतं आणि त्याची तळी साठतात. तळ्याला बांध म्हणजे नुसता दगडमातीचा ढीग. तो फुटला की सगळं पाणी एकदम खाली. गेल्या पावसाळ्यात तसंच झालं. वरच्यांना कळलं, त्यांनी आपल्या राजधानीला कळवलं, राजधानीने आमच्या राजधानीला, आमच्यांनी त्यावर शेरा मारून पुढे. मॅडमच्या जिल्ह्यात कागद पोचला तेव्हा पाणी ओसरून चिखल वाळत आला होता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पूर आला तशी माणसं जीव घेऊन सीमेकडे पळाली. आपल्या जवानांना अंधारात नुसता लोंढा दिसला, त्यांनी बंदुका रोखल्या. गोळी सुटली नाही एवढंच. पण मागे पाण्यात जी राहिली ती राहिली.

मॅडमचं मागणं एकच होतं. पुढचा पावसाळा यायच्या आत वरून खाली थेट फोन यायची सोय व्हावी. दोन दिवस एसी हॉलमध्ये चर्चा झाली. ब्रिगेडिअर म्हणाले, आकडा हा राष्ट्रीय गुपिताचा भाग आहे. त्रिपाठीसाहेब म्हणाले, आकडा प्रॉपर चॅनलनेच जाईल. मॅडम म्हणाल्या, तुमच्या चॅनलपेक्षा नदीचा चॅनल वेगाने वाहतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैठक संपली ती काहीच न ठरता. तिसरा दिवस सांस्कृतिक कार्यक्रमाचा होता. नौकाविहार, रामघाटावर बापूंच्या घरी महाराष्ट्रीय जेवण, आणि मग ज्याचं त्याचं विमान.

तर अशी ती नाव. पाहुणे दोन बाजूंना तोंड करून बसलेले. मी मात्र डोळे पुढच्या पाण्यावर लावून तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होते.

आधी मी भोलाला हळूच विचारलं, "भोला, इधर से ठीक है न?"

"दीदी, बचपन से चला रहे हैं," तो म्हणाला. त्याच्या बालपणी ती रेती तिथे नव्हती, हे त्याला कोण सांगणार? आकडा लागला असता.

मग मला मार्ग सुचला. बापू लेले! बापूंचं घराणं चार पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीला आलं. पौरोहित्य करतात, वेदपाठशाळेत शिकवतात, आणि कुणाचं काहीही अडलं की धावून जातात. त्यांची मराठी घरातल्या घरात वाढलेली, बाहेरचं वारं लागलं ते हिंदीचं. पण मराठीच ती. नावेतल्या दुसऱ्या कुणाला कळायचं कारण नव्हतं. मी त्यांच्याकडे सरकले.

"बापू, पुढे गुडघाभर पाणी आहे. नाव बसणार. भोलाला वळवायला सांगा."

बापू फोनवर होते. "अगं, कटाची आमटी आत्ता गरम नको करू, आम्हाला अजून टाइम लागेल," असं वहिनींना सांगून त्यांनी फोन खाली केला. "काय म्हणालात, ताई?"

"गुडघाभर पाणी आहे पुढे!"

"ताई, तुम्ही टेन्शन नका घेऊ. भोला आपला घरचा माणूस आहे, तो कधी..."

"अहो बाई, मग नाव थांबवा की!"

हे मागून आलं. स्वच्छ, खणखणीत मराठीत. मी वळून बघितलं. ब्रिगेडिअर मिशीला पीळ देत माझ्याकडे बघत होते.

"पुण्याजवळ अकादमीत होतो," ते म्हणाले. "तीन वर्षं मिसळ खाल्ली आहे."

परक्या देशाच्या सैनिकी अधिकाऱ्याला मी गंगेची खोली सांगितली होती, तीही मातृभाषेत. पेन्शन डोळ्यांसमोरून तरंगत गेली. त्रिपाठीसाहेब विचारत होते, "क्या बोला? क्या बोला इन्होंने?" आणि तेवढ्यात नावेच्या बुडाखालून खर्रर्र असा आवाज आला. कमांडो बापूंच्या मांडीवर बसला. नाव थांबली.

भोलाने वल्ह्याने रेटून बघितलं. काही उपयोग झाला नाही. "दीदी, रेती नई है," तो म्हणाला. मी नुसती मान हलवली.

रामघाट मागे, रेती पुढे, आणि आम्ही मध्ये. दुसरी नाव बोलावली, पण ती मणिकर्णिकेकडून यायची होती आणि काशीत "आ रहे हैं" म्हणजे निघायचा विचार चालू आहे. उन्हाने पाहुण्यांचे चेहरे लाल व्हायला लागले. भोला म्हणाला, सगळे खाली उतरले तर नाव हलकी होईल आणि मग ढकलता येईल.

इथे खरं घोडं अडलं. कमांडो म्हणाला, खोली माहीत नाही, तर व्हीआयपींना उतरू देता येणार नाही. त्रिपाठीसाहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, उतरना सेफ है?"

"सर, सेफ म्हणायचं तर खोली सांगावी लागेल. खोली सांगायची तर आकडा आला."

"आप इशारे से बताइए।"

मी हात गुडघ्याशी नेला. साहेब घाबरून म्हणाले, "नहीं, नहीं, इशारा भी मत कीजिए।" खात्याच्या इतिहासात गुडघ्यावर पहिल्यांदाच बंदी आली होती.

हे सगळं खालच्या मॅडम बघत होत्या. त्या उठल्या, सलवार वर खोचली, चपला हातात घेतल्या आणि सरळ नदीत उडी मारली. पाणी त्यांच्या अर्ध्या मांडीपर्यंत आलं. मागोमाग ब्रिगेडिअर उतरले. त्यांच्या गुडघ्याला जेमतेम लागलं. मग कमांडोसकट आम्हीही एकेक करून उतरलो.

ते माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "बरोबर आहे हो तुमचं, बाई. गुडघाभरच आहे." मग मॅडमना इंग्रजीत सांगितलं की या इंजिनिअर बाईंनी आधीच बरोबर सांगितलं होतं, पाणी गुडघाभर आहे.

"कोणाचा गुडघा?" मॅडमनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे, तुमच्या गुडघ्याएवढं पाणी माझ्या कुठे आलंय ते बघा."

ब्रिगेडिअरांनी बघायचं टाळलं. मॅडम थांबल्या नाहीत. पाण्यात उभ्या राहून, चपला हातात धरून बोलत राहिल्या. इंग्रजीत बोलल्या, मी इथे आपल्या भाषेत सांगते.

"गेल्या वर्षी तुमच्याकडे आकडा होता. या साहेबांकडे आकडा होता. दोघांचा अगदी अचूक. माझ्या जिल्ह्यात लोकांना पूर कळला तेव्हा चुलीत पाणी शिरलं होतं. मला सेंटिमीटर नको आहेत हो. मला एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं की पाणी गुडघ्याशी येतंय की गळ्याशी. गुडघ्याशी असेल तर मी सामान माळ्यावर टाकायला सांगते. गळ्याशी असेल तर मी माणसं बाहेर काढते. एवढ्यात माझं काम भागतं. तेवढंही तुम्हा दोघांना जमलं नाही."

बापूंनी वाजणारा फोन बंद केला. मला तर लाज वाटली. माझ्या टेबलावर तो आकडा आला होता, मी त्यावर सही केली होती आणि तो पुढच्या टेबलावर पाठवून डबा उघडला होता. नियमाप्रमाणेच.

ब्रिगेडिअर घसा खाकरून म्हणाले, "गुडघा सांगायला आमच्याकडे बंदी नाही. कंबर सांगायलाही नसावी. आमच्या कायद्यात फक्त आकड्यांचा उल्लेख आहे."

सगळ्यांनी वर बघितलं. नावेत त्रिपाठीसाहेब एकटे छत्री धरून बसले होते. बाकी आम्ही सगळे पाण्यात.

"शिंदे मॅडम," ते सावकाश म्हणाले, "हमारे सर्क्युलर में क्या लिखा है?"

ते सर्क्युलर मला पाठ आहे. "पाण्याची पातळी, खोली आणि प्रवाह दर्शवणारे आकडे, सर."

"घुटना आँकड़ा है?"

"नाही, सर. घुटना अवयव आहे."

साहेबांनी छत्री मिटली. आयुष्यभर फायलीत राहिलेल्या माणसाला पळवाट दिसली की त्याच्या चेहऱ्यावर एक तेज येतं, ते मी त्या दिवशी बघितलं. त्यांनी बूट काढले, पँट वर केली आणि ते नदीत उतरले. "फिर तो इस पर रोक ही नहीं है," असं म्हणून त्यांनी स्वतः नावेला खांदा लावला. वरचे, मधले आणि खालचे असे सगळे मिळून ढकलू लागल्यावर नाव सुटली.

बापूंच्या घरी पोचलो तेव्हा आम्ही कमरेपर्यंत ओले आणि कमरेवर घामाने भिजलेले. सुनंदावहिनींनी दारातच हात जोडले. "अहो, आमटी किती वेळा गरम करू? आता ती आमटी राहिली नाही, काढा होऊन गेला," म्हणाल्या. मग सगळ्यांचे कपडे बघून आत पळाल्या. ब्रिगेडिअरांना बापूंचं धोतर मिळालं. ते त्यांच्या पोटरीपर्यंतच पोचत होतं. त्रिपाठीसाहेब पंचा नेसून उघडे बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची भीती वाटली नाही. खालच्या मॅडमना वहिनींची साडी.

पुरणपोळी खाता खाता करार सुरू झाला. पहिल्या पोळीला तत्त्व मान्य झालं. ब्रिगेडिअरांची माणसं त्यांच्या पुलाशी पाणी बघतील आणि फोनवर मला अवयव सांगतील. मी हिशेब करून मॅडमना पुढचा अवयव सांगेन. कारण वरून निघालेला गुडघा वाटेत दोन उपनद्या पिऊन खाली पोचेपर्यंत कंबर होतो. तो हिशेब हेच माझं काम.

दुसऱ्या पोळीला भांडण लागलं. गुडघा कोणाचा धरायचा? ब्रिगेडिअर म्हणाले, इशारा आम्ही देणार, तर माप आमचं. त्रिपाठीसाहेब म्हणाले, वादच नको, मधल्याचं धरा. मधल्याचं म्हणजे त्यांचं. त्यांनी पंचा सावरून गुडघा पुढेही केला.

इथे मात्र मी तोंड उघडलं. मोजमापाच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. पट्टी कितीही चांगली रंगवा, तिचा शून्य चुकीच्या ठिकाणी असेल तर सगळं वाया. "सर, बुडणार कोण आहे, ते आधी ठरवा," मी म्हटलं. "जो बुडणार, माप त्याचं. ब्रिगेडिअरसाहेबांच्या गळ्याशी पाणी येईल तेव्हा मॅडमच्या डोक्यावर हातभर पाणी असेल. मग इशारा घेऊन त्या काय करतील?"

ब्रिगेडिअरांनी पोळीवर तूप घालून घेतलं, थोडा विचार केला आणि मॅडमकडे बघून मान झुकवली. मॅडमचं माप ठरलं. माप कुठून धरायचं तेही ठरलं. मॅडमच्या जिल्ह्यातल्या बाजाराच्या चौकात मॅडम उभ्या आहेत असं समजायचं. वरच्यांच्या पुलाखाली एक चौथरा आहे, तिथेही मॅडमच उभ्या आहेत असं समजायचं. "फार उभं करताय मला," मॅडम म्हणाल्या, पण तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

मग शेवटची अडचण. मॅडमचा गुडघा जमिनीपासून किती उंच, हे लिहायचं तर पुन्हा आकडा आला. सेंटिमीटर लिहिले की परत गोपनीय. त्रिपाठीसाहेबांचा चेहरा पडला. सगळे जण पानातला भात चिवडत बसले.

बापूंचं जेवण सगळ्यात आधी उरकलं होतं. सवयीप्रमाणे ते कोपऱ्यात टकळीवर सूत काढत बसले होते. बापू जानवी घरीच करतात, आणि काशीतल्या निम्म्या मुंजींना त्यांचंच जानवं लागतं. माझी नजर त्या सुतावर गेली. जानव्याचं सूत पट्टीने मोजत नाहीत, हाताच्या बोटांना वेढे घेऊन मोजतात. ज्याचं जानवं, त्याचा हात.

"बापू, सूत द्या," मी म्हटलं. "जाड, तीन पदरी. तीन तुकडे."

"देतो ना. पण ताई..." बापूंनी मॅडमकडे बघितलं, मग सुताकडे, आणि स्वतःशीच काहीतरी निकाल लावला. "हे नुसतं सूत आहे अजून. मंत्र लागले नाहीत. कोणालाही चालून जाईल."

मी आणि वहिनी मॅडमना आतल्या खोलीत घेऊन गेलो. टाचेशी दोरा धरला. घोटा, एक गाठ. गुडघा, दुसरी. मग कंबर, छाती, गळा. "डोक्याची नको," मॅडम म्हणाल्या. "तिथवर पाणी आल्यावर फोन कोण उचलणार आहे?" तीन दोरे, तिन्हींच्या गाठी एकाला एक जुळवून घेतल्या. एक वरच्यांचा, एक मधल्यांचा, एक खालच्यांचा. कुठे आकडा नाही, अक्षरसुद्धा नाही. बापूंनी तिन्ही दोऱ्यांना हळदीचं बोट लावलं, ते मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दिल्लीत त्या दोऱ्याची फाइल बरीच फिरली. एकाने विचारलं, धागा हा दस्तऐवज मानावा का? दुसऱ्याने विचारलं, गाठ हा आकडा नाही कशावरून? शेवटी त्रिपाठीसाहेबांनी एका ओळीत निकाल लावला. धागा ही काशीची पारंपरिक भेटवस्तू असून तिची देवाणघेवाण सांस्कृतिक स्वरूपाची आहे. सांस्कृतिक म्हटल्यावर पुढे कुणी वाचलंच नाही.

श्रावणात एका दुपारी ऑफिसात फोन वाजला.

"बाई, कंबर," ब्रिगेडिअर म्हणाले. "आणि चढतंय."

मी आमच्या गेजांचे आकडे मांडले, उपनद्यांचं पाणी धरलं आणि मॅडमना फोन लावला. "छाती."

"गळा नाही ना?"

"आज छाती. उद्याची खात्री मी देत नाही."

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर दोन दिवस त्यांचा फोन लागेना. ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. हिशेब पुन्हा पुन्हा करून बघितला. ड्रॉवरमधला दोरा काढून छातीची गाठ चाचपत बसायचे. गाठीला काय कळतं, पण बसायचे.

तिसऱ्या दिवशी फोन आला. आवाज बसलेला. "बाजार गेला, शाळेची भिंत गेली. चौकात दोरा धरून बघितला. पाण्याची रेघ छातीच्या गाठीच्या दोन बोटं वर आहे. तुमचं माप दोन बोटं चुकलं."

"आणि माणसं?"

"माणसं नव्हती तिथे. दिवसाउजेडी बाहेर काढली होती. यंदा सीमेकडे कोणी पळालं नाही. उलट तुमच्या चौकीने बिस्किटं पाठवली."

मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. शिपायाने पाणी आणून दिलं, आणि ते बघून मला हसू आलं.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण महिन्याभराने एक गृहस्थ आले. सफारी सूट, हातात डायरी, ओळखपत्र दाखवून पटकन खिशात. सुरक्षा खात्याचे. माझ्या फोनवरून दोन परक्या देशांशी सांकेतिक भाषेत बोलणं झाल्याची नोंद त्यांच्याकडे होती.

"मॅडम, ये 'छाती' कौन है?" त्यांनी विचारलं. "और 'कमर' आपको किससे मिली?"

मी त्यांना चहा मागवला आणि सगळी हकीकत सांगितली. विश्वास बसेना, तेव्हा ड्रॉवरमधला दोरा काढला आणि त्यांना उभं राहायला सांगितलं. त्यांच्या टाचेशी एक टोक धरून दोरा वर नेला. छातीची गाठ त्यांच्या पोटावर आली.

"ये तो मेरे पेट तक ही है।"

"हो, कारण माप तुमचं नाही."

त्यांनी डायरीत काहीतरी लिहिलं. मग ती मिटली, पण उठले नाहीत. चहा संपला तरी दोऱ्याकडेच बघत होते. शेवटी म्हणाले, त्यांचं गाव बलियाकडे आहे, नदीकाठी. दर दोन-चार वर्षांनी घरात पाणी शिरतं. ते नोकरीत कुठे कुठे असतात, पुराची खबर मिळते ती फूट आणि मीटरमध्ये, तीच ते फोनवर घरी सांगतात. घरच्यांना त्यातलं काही समजत नाही.

"ऐसा एक धागा मिल सकता है? मेरे नाप का?"

"तुमच्या मापाचा कशाला?" मी म्हटलं. "घरी सगळ्यात बुटकं कोण आहे?"

"अम्मा।"

"मग जा, अम्मांचं माप घेऊन या. सूत मी बापूंकडून आणून ठेवते."

पुढच्या सोमवारी ते आले. खिशातून पायजम्याची नाडी काढली, तिला गाठी मारलेल्या. टेबलावर ठेवून म्हणाले, "अम्मा पूछ रही थी, किसलिए चाहिए। मैंने कहा, गोपनीय है।"